सल्ला: स्पीकिंग टेस्टमध्ये बुटांचे प्रश्न आले तर काय सांगू?

पत्र असं आहे:

"ताई, मी खानापूर तालुक्यातली. बीएससी नर्सिंग झालंय, आता बेळगावात एका हॉस्पिटलला ड्युटी करत करत आयेल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेची तयारी करालेय, यूकेला जायचंय. परवा मॉक टेस्टमध्ये सरांनी बुटांच्या खरेदीवर प्रश्न विचारले, बूट घ्यायला आवडतात का, किती वेळा घेता, ऑनलाइन घेतलेत का असले. मला काही सुचेना. आमच्याकडं चप्पल तुटल्याशिवाय नवी कुणी घेत नाही. ड्युटीचे पांढरे बूट, एक पावसाळी सँडल आणि बाबांनी अथणीहून आणलेली चप्पल, एवढंच माझ्याकडं आहे. म्हणून मग नोट्समधलं पाठ केलेलं उत्तर म्हटलं, की मला ब्रँडेड स्नीकर्सचा लई नाद आहे आणि दर महिन्याला मॉलला जाते. सरांनी विचारलं, शेवटचा जोड कुठला घेतलास, आणि मी गप्पच. खरं सांगितलं तर मार्क कमी पडतील का? सातवीपर्यंत मराठी शाळेत होते, त्यामुळं आधीच भीती वाटते."

अगं, आधी तुझ्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकी सगळं त्याच्यावरच आहे. नाही पडत. खरं सांगितलं म्हणून अर्धा मार्कसुद्धा कुणी कापत नाही. स्पीकिंगला मार्क चार गोष्टींना असतात आणि चारींना वजन सारखं: न अडखळता, मुद्दा न सोडता बोलता येतंय का, शब्द किती आणि कसे वापरतेस, ग्रामर, आणि उच्चार. तुझ्याकडं किती जोड आहेत, कुठल्या कंपनीचे आहेत, हे बघायला त्यांच्याकडं कॉलमच नाही. महिन्याला बूट घेणारी मुलगी आणि वर्षाला एक चप्पल घेणारी मुलगी, दोघींना तोच तक्ता लागतो.

नर्सिंग कौन्सिलचं तुला माहीतच असेल, यूकेच्या एनएमसीला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग या तिन्हीत 9 पैकी 7 लागतात आणि रायटिंगला 6.5. हा 7 चा आकडा ऐकून पोरी घाबरतात, त्यांना वाटतं की 7 म्हणजे एक पण चूक चालणार नाही. तसं नाहीय. 7 ला मधे थोडं थांबलं, स्वतःची चूक बोलता बोलता दुरुस्त केली, हे चालतंय. चुका राहिल्या तरी चालतंय, फक्त बरीच वाक्यं बिनचूक यायला पाहिजेत आणि जोर न लावता लांबवर बोलता यायला पाहिजे. आता तूच सांग, जे आयुष्यात कधी केलं नाही त्याच्यावर जोर न लावता कुणाला बोलता येईल का? तू गप्प झालीस ते इंग्लिश कच्चं आहे म्हणून नाही झालीस. स्नीकरचा जोडच नव्हता, तर तू सांगणार काय आणि कसलं.

खऱ्या परीक्षेत तर हे आणखी अवघड जातंय. पहिला भाग 4 ते 5 मिनिटांचा. आधी घर, नोकरी, शिक्षण असलं विचारतात आणि मग दोन साधे विषय, त्यात बूट येऊ शकतात. एका विषयावर तीन-चार प्रश्न लागोपाठ येतात. पहिल्याला तू म्हणालीस की दर महिन्याला घेते, की दुसरा येतो किती पैसे घालवतेस, तिसरा येतो ऑनलाइन घेतलेस का, आणि मधे मधे नुसतं "व्हाय" म्हणून विचारतात. एक खोटं धरून ठेवायला पुढची तीन रचायची, वर त्यांचं इंग्लिश करायचं, आणि हे सगळं दोन सेकंदात. कशाला हा ताप करून घ्यायचा? शिवाय पाठ केलेलं उत्तर ओळखायचं ट्रेनिंग परीक्षकांना दिलेलं असतंय. तुझा आवाज सपाट होतो, वेग एकदम वाढतो, मधेच असला एक भारी शब्द येतो जो आधी-मागे कुठं ऐकलेला नाही, बसल्या जागी कळतंय त्यांना.

तर आता तुझ्याकडं काय आहे ते बघू. तुला वाटतंय काहीच नाही. मला तुझ्या पत्रातल्या त्या एका ओळीतच तीन वेगळ्या गोष्टी दिसतात: ड्युटीचे बूट, पावसाळी सँडल, अथणीची चप्पल. बुटांवर जे काही विचारतात ते या तिघांत बसतंय.

"डू यू लाइक बायिंग शूज?" याला "नो" म्हणायला पूर्ण परवानगी आहे, फक्त नुसतं नो म्हणून गप्प बसायचं नाही. "नॉट रिअली, टू बी ऑनेस्ट. आय ओन्ली गो टू अ शू शॉप व्हेन माय ओल्ड पेअर वेअर्स आउट, सो फॉर मी इट्स मोर ऑफ अ नीड दॅन अ हॉबी." बघ, हे तर तू मला मराठीत लिहिलंसच की, चप्पल तुटल्याशिवाय कुणी घेत नाही म्हणून. तेच आहे हे.

"हाऊ ऑफन" ला आपल्याकडचा पाऊस आहे की. खानापूरचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, जूनच्या आधी रबराची नाहीतर प्लास्टिकची सँडल घ्यावीच लागते, कातडी चप्पल त्या चिखलात आठवडा टिकत नाही. मग सांग, "अबाउट ट्वाइस अ इयर, आय सपोज. वन्स बिफोर द मॉन्सून, बिकॉज लेदर गेट्स रुइन्ड इन अवर रेन, अँड वन्स फॉर वर्क." एवढं बास. कारण पण आलं, तुझा गाव पण आला, आणि "रुइन्ड" सारखा शब्द आपसूक बसला. शब्दांचे मार्क असे मिळतात, जिथं जो लागतो तिथं तो आला पाहिजे. नोट्समधले मोठाले शब्द कोंबून नाही मिळत.

किती खर्च करतेस, याला रुपयात सांग. पाउंडात करून सांगायच्या भानगडीत पडू नकोस, पोरी तिथं मनात भागाकार करत बसतात आणि वाक्य तुटतं. ऑनलाइनचा प्रश्न असेल तर कान देऊन ऐक, तो बहुतेक "हॅव यू एव्हर" असा येतो. त्याला "येस, आय हॅव, जस्ट वन्स" म्हणून सुरू करायचं आणि पुढची हकीकत सगळी भूतकाळात सांगायची, "आय ऑर्डर्ड अ पेअर लास्ट इयर बट दे वेअर टू टाइट, सो आय सेंट देम बॅक." घेतले नसतील तर "नो, आय हॅवन्ट, बिकॉज आय लाइक टू ट्राय देम ऑन फर्स्ट." आपल्यातल्या निम्म्या पोरी इथं "आय अ‍ॅम नॉट बायिंग" म्हणतात, तिथं काळ चुकतो आणि तो चुकला की लगेच कानाला टोचतो.

आता मुख्य प्रश्न, ज्याच्यावर तू कुणाहीपेक्षा जास्त बोलू शकतेस: दिसायला छान बूट आवडतात की पायाला बरे वाटणारे? अगं, तू नर्स आहेस. अख्खी शिफ्ट पायावर असतेस, वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या होतात कुणी मोजत नाही, ड्युटी संपल्यावर बूट काढताना पायावर मोज्याच्या इलास्टिकचा वळ उठलेला असतो. बूट कसा असावा हे तुझ्या पायांना माहीत आहे: तळ घसरायला नको, ओल्या फरशीवर पण धरला पाहिजे, वरून पुसता आला पाहिजे कारण काय सांडेल सांगता येत नाही, चालताना आवाज नको कारण पेशंट झोपलेले असतात, आणि पुढं बोटांना जागा पाहिजे. हे तू कधी बसून विचार केला नसशील पण दुकानात बूट हातात घेतलास की वाकवून, तळ दाबून बघतेसच ना? मग तेच बोल. "कम्फर्टेबल वन्स, डेफिनेटली. आयअ‍ॅम अ नर्स, सो आयअ‍ॅम ऑन माय फीट ऑल डे. आय नीड समथिंग सॉफ्ट दॅट डझन्ट स्लिप ऑन अ वेट फ्लोअर." बास. यातलं एक पण वाक्य अवघड नाही आणि परीक्षकाला दिवसभरात असलं उत्तर क्वचित ऐकायला मिळत असेल, कारण बाकीचे सगळे "आय प्रिफर बोथ स्टाइल अँड कम्फर्ट" म्हणून जातात.

जास्त बूट घेणारं कुणी ओळखीचं आहे का, हा पण येतो. भाऊ, रूममेट, चुलत बहीण, कुणीतरी असतंयच. एकाचंच सांग, "ही" आणि "शी" मधे गोंधळ करू नकोस (घाईत होतो तो), आणि एक छोटी गोष्ट जोड, म्हणजे पलंगाखाली खोकी ठेवायला जागा उरली नाही असलं काहीतरी.

उत्तर किती लांब? पहिल्या भागात दोन-तीन वाक्यं. मधेच परीक्षकानं थांबवलं तर ते चुकलं म्हणून नाही थांबवत, त्यांना वेळेत सगळे प्रश्न संपवायचे असतात. अख्खी स्पीकिंग टेस्टच 11 ते 14 मिनिटांची आहे.

एक काम सांगते, ते पुढच्या सुट्टीला कर. खडेबाजारात जा, कुठल्याही चपलेच्या दुकानात, घ्यायची नसली तरी रूममेटबरोबर जा. तिथं काय काय होतंय ते नीट बघ. काउंटरवरचा माणूस आत येणाऱ्या एका बाईशी कन्नडमध्ये बोलतो, तुझ्याशी मराठीत, पाठीमागच्या गिऱ्हाइकाशी हिंदीत, आणि वर माळ्यावर बसलेल्या पोराला नंबर ओरडून सांगतो, वरून खोकं खाली येतं. झाकण काढलं की आत कागदाचा बोळा कोंबलेला असतो, तो काढून बूट तुझ्या पायाजवळ ठेवतो आणि म्हणतो, ताई, दोन्ही घालून चालून बघा, एकच घालू नका. तू चालतेस, अंगठा पुढं टेकतो का बघतेस, टाच मागं निघते का बघतेस, मग भाव विचारतेस, मग तुमचं कमी-जास्त चालू होतं, तो म्हणतो फिक्स रेट, तू उठायला लागलीस की पन्नास कमी होतात. हे सगळं घरी येऊन त्याच दिवशी इंग्लिशमध्ये फोनवर बोलून ठेव. लिहू नकोस. लिहिलंस की ते पाठ होतंय आणि पाठ झालं की परत मॉक टेस्टसारखंच होणार. ट्राय ऑन, फिट, टाइट, लूज, बार्गेन, हे शब्द त्या बाकड्यावर बसल्या बसल्या जे आठवतील ते परीक्षेत विसरणार नाहीस. आणि खरंच घ्यायचे असतील तर संध्याकाळी घे, दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, सकाळी बरोबर बसलेला बूट ड्युटीच्या शेवटी चावतो. हे पण उत्तरात चालेल, असला तपशील कुणी बनवून सांगत नाही.

मराठी शाळेचं म्हणालीस. त्यानं काही बिघडत नाही. तू घरी मराठी, वॉर्डात कन्नड, पेशंटच्या नातेवाइकांशी हिंदी, फाइलमध्ये इंग्लिश असं दिवसभर करतेसच की, आपल्या सीमाभागातल्या पोरांना एका भाषेतनं दुसरीत उडी मारायची सवय लहानपणापासूनच असते. उच्चारात तू मराठी वाटतेस म्हणून मार्क जात नाहीत, समोरच्याला कष्ट न घेता कळलं पाहिजे एवढंच ते बघतात. पण या विषयापुरत्या दोन-तीन गोष्टी आपल्या लोकांच्या हमखास अडकतात त्या सांगून ठेवते. "शूज" चा शेवट आपण "जरा" मधला ज म्हणतो त्याच्या जवळ ठेवायचा, "जेवण" मधला नाही. "कम्फर्टेबल" मधे शेवटी "टेबल" असा स्पष्ट येत नाही, पटकन "कम्फ्टबल" असा म्हणतात, ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं बटण दाबून पाच-सहा वेळा ऐक. "वेअर" म्हणताना ओठ गोल कर, दात लावू नकोस. आणि ग्रामरमध्ये: दोन जोड असतील तर "टू पेअर्स ऑफ शूज", नुसतं "टू शूज" म्हटलं तर एकच जोड झाला. "माय शूज इज" नाही, "आर". "आय अ‍ॅम हॅविंग" नाही, "आय हॅव". "सिन्स टू इयर्स" नाही, "फॉर टू इयर्स". वाक्याच्या शेवटी "ओन्ली" लावायची आपल्याला फार सवय आहे, फाइव्ह हंड्रेड रुपीज ओन्ली, ते सोडून दे. या एवढ्या दुरुस्त झाल्या तरी तुझी बरीच वाक्यं सरळ होतील, पण बोलता बोलता चुकलीच तर तिथल्या तिथं नीट करून पुढं जा, सॉरी सॉरी करत बसू नकोस.

अथणीची चप्पल मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती पहिल्या भागापेक्षा पुढं जास्त कामाला येते. दुसऱ्या भागात विषय लिहिलेलं कार्ड देतात, तयारीला 1 मिनिट आणि बोलायला 1 ते 2 मिनिटं. कपडे, भेटवस्तू, हातानं बनवलेली वस्तू, आपल्या भागातली एखादी प्रसिद्ध गोष्ट, असलं कुठलंही कार्ड आलं तरी ती चप्पल तिथं बसते. तिसऱ्या भागात मग मोठे प्रश्न येतात: लोक गरजेपेक्षा जास्त का विकत घेतात, हातानं केलेल्या वस्तू टिकतील का, छोटी दुकानं ऑनलाइनसमोर टिकतील का. यावर आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला बोलता आलं नाही तर कुणाला येणार? ज्याला जग कोल्हापुरी म्हणून ओळखतं ती चप्पल अथणीत पिढ्यान्पिढ्या होते. 2019 मध्ये तिला जीआय, म्हणजे ही याच भागातली वस्तू अशी सरकारी मान्यता, मिळाला तो दोन राज्यांना मिळून, महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, शिलाई हातानं, आणि त्यात घरातल्या बायकांचा हात मोठा असतो, वेण्या आणि नक्षी बऱ्याचदा त्याच करतात. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं तसल्याच चपला दाखवल्या, आपल्या कारागिरांचं नाव पण घेतलं नाही, इकडून ओरड झाल्यावर मग मान्य केलं की हे भारतातल्या हातकामावरून घेतलंय. मला याचा अजून राग आहे. जी माणसं पाट्यावर वाकून एक एक टाका घालतात त्यांचं नाव कुठं येत नाही आणि नुसती नक्कल करणारा जगात मिरवतो.

पण ऐक, हे सगळं परीक्षेत ओतायचं नाही. जीआयचं वर्ष, आठ जिल्हे, हिरडा, यातलं एक घे. परीक्षक तुझी माहिती तपासायला बसलेला नाही आणि आकडे आठवायच्या नादात तू परत गप्प होशील. तू एवढंच म्हण की माझ्या वडिलांनी मला एक जोड आणलाय, तो हातानं बनवलेला आहे, सुरुवातीला कडक होता, पायाला लागायचा, तेल लावून लावून मऊ झाला आणि आता पायाच्या आकाराचा झालाय. मग तुझं मत सांग, की मशीनचा बूट सहा महिन्यात टाकावा लागतो आणि हा दुरुस्त करून वर्षानुवर्षं चालतो, म्हणून मला वाटतं लोकांनी थोडं जास्त देऊन असलं घ्यावं. नाहीतर उलट मत असेल तर उलट सांग, की पाच-सहाशेत मिळतंय तर गरीब माणूस तेच घेणार, त्याला दोष कसा द्यायचा. दोन्ही चालतात. मत कुठलं आहे याला मार्क नाहीत, ते कारणासकट उभं करता येतं का याला आहेत.

क्लासच्या सरांना पण सरळ सांग की मी पाठ केलेलं म्हणणार नाही, तुम्ही मला कुठलेही उलटसुलट विचारा. त्यांनी मॉकमध्ये तो जोड कुठला म्हणून विचारलं ते तुझ्या भल्याचंच झालं, तिथं अडकलीस ते बरं, फी भरलेल्या परीक्षेत नको. आणि प्रश्न कळला नाही तर विचारायला लाजू नकोस, "सॉरी, कुड यू रिपीट दॅट, प्लीज?" याला एक-दोनदा मार्क जात नाहीत, न कळता भलतंच बोललं तर मात्र जातात.

रोजचं असं ठेव: ड्युटीवरून आलीस की बूट काढता काढता एक प्रश्न, फोनवर रेकॉर्ड, मग लगेच ऐकून त्यातली एक चूक हुडक, फक्त एक, आणि तेच उत्तर परत एकदा वेगळ्या शब्दांत बोल. नाइट असेल तर त्या दिवशी सोडून दे, झोप महत्त्वाची. आठवडाभर केलंस की त्यातलं ड्युटीच्या बुटांचं रेकॉर्डिंग मला आधी पाठव, ऑनलाइनचं नंतर पाठवलंस तरी चालेल, मी ऐकून कळवते.